एका स्टिकवर झाड चढायचंय? मग खरेदी दोरापासून सुरू करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मिशिगनमध्ये वॉटर्लूच्या सरकारी जंगलात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता, सॅडलमध्ये बसून, म्हणजे दोराने झाडाला अडकवलेल्या पट्ट्यांच्या आसनात. वजन ९६ किलो, उंची ६ फूट. सध्या चार क्लाइंबिंग स्टिक (खोडाला बांधायच्या, पायऱ्या असलेल्या छोट्या दांड्या) पाठीवर घेऊन अंधारात दीड मैल चालता आणि त्याचा कंटाळा आलाय. म्हणून पुढच्या हंगामापासून एकच स्टिक न्यायची असं ठरवलंय. विचारलंत ते हे: स्टिक कुठली घ्यावी, एडर (स्टिकखाली लोंबणारी दोरीची किंवा पट्टीची छोटी शिडी) किती पायऱ्यांचा असावा, दोर आठ मिलिमीटरचा चालेल का. आणि शेवटी जाता जाता एक वाक्य: "बाकी सामान आहे तेच चालेल ना?"

मला वाटतं, खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे, आणि त्याचं उत्तर "नाही" असं आहे. कारण चढताना नेमकं काय बदलतं ते पाहू.

चार स्टिकवर चढता तेव्हा खोडाला शिडी लावलेली असते. तुमचं वजन पायांवर असतं आणि लाइनमनचा दोर, म्हणजे खोडाभोवती घालून कमरेला दोन्ही बाजूंनी अडकवलेला दोर, राखणीला असतो. पाय घसरला तरच त्याच्यावर भार येतो. एका स्टिकवर चढताना तसं नसतं. स्टिक कमरेच्या उंचीला बांधायची, एडरवरून तिच्या वरच्या पायरीवर जायचं, टेदरचा (सॅडलला खोडाशी जोडणाऱ्या दोराचा) फास हात पुरेल तितका वर सरकवायचा आणि सॅडलमध्ये पूर्ण बसायचं. आता गुडघे सालीला टेकलेले, पायांखाली काही नाही. त्याच अवस्थेत खाली वाकून स्टिक सोडायची, वर ओढायची, पुन्हा कमरेशी बांधायची. वीस फुटांसाठी हे चार-पाच वेळा. प्रत्येक खेपेला मिनिट-दीड मिनिट तुम्ही निव्वळ दोरावर असता. पूर्वी जो दोर राखणीला होता, त्याच्यावरच आता उभं राहायचंय. म्हणून मी सगळ्यांना सांगते: दोर आधी, दोरावरची पकड त्यानंतर, उतरायचं साधन त्यानंतर, आणि स्टिक सगळ्यात शेवटी.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे यातलं किती तुम्हाला लागू पडतं ते ठरवता येईल. मी पुण्याची. कॉलेजात असताना सह्याद्रीत प्रस्तरारोहण केलं, खंडाळ्याच्या नागफणीवर रॅपलिंग शिकले आणि नंतर शिकवलंही. इथे आल्यावर एका सहकाऱ्यामुळे धनुष्य हातात आलं. तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही, त्यामुळे घरी हे समजावायला मला दोन वर्षं लागली. अकरा हंगाम झाले, त्यातले शेवटचे सहा एका स्टिकवर. पण मी पाच फूट दोन इंच आणि ५८ किलो. तुमच्या-माझ्यात जवळजवळ चाळीस किलोंचा फरक आहे, आणि या प्रकारात तो फरक फार बोलतो. मला जे उत्तम चालतं तेच तुम्हाला धोक्याचं ठरू शकतं. हे विसरू नका.

आता दोर. तुमच्याकडे सध्या आठ फुटांचा टेदर आणि तेवढाच लाइनमन दोर असणार. एका स्टिकवर चढताना टेदर आणि उतरायचा दोर हा एकच लांब दोर असला पाहिजे. त्याचं एक टोक खोडाला फास घालून वर सरकत जातं, बाकीचा दोर खाली जमिनीपर्यंत लोंबतो. चढताना कुठल्याही क्षणी काही बिघडलं, स्टिक हातातून सुटली, छातीत धडधडायला लागलं, तर त्याच दोरावरून खाली येता आलं पाहिजे. काही जण आखूड टेदरवर चढतात आणि लांब दोर पिशवीत ठेवतात, वर पोचल्यावर बाहेर काढू म्हणून. मी हे कधीच करत नाही. स्टिक पडली ती तेरा फुटांवर, आणि दोर पाठीवरच्या पिशवीत, असा प्रसंग डोळ्यांपुढे आणून पाहा.

किती लांब? इथे बरेच जण फसतात. "वीस फूट चढतो, म्हणजे तीस फूट पुरे" असा हिशेब करतात. पाय वीस फुटांवर असतील तर फास डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे साडेपंचवीस फुटांवर. सोळा इंच व्यासाच्या ओकला वेढा घालायला चार फुटांहून थोडा जास्त दोर जातो. गाठीला एक फूट. जमिनीवर तीन-चार फूट शेपूट हवंच. झाले पस्तीस. जाड झाड मिळालं तर तेही अपुरे. चाळीस फूट घ्या.

जाडीबद्दल माझं मत ठाम आहे: तुमच्या वजनाला आठ मिलिमीटर घेऊ नका, नऊ किंवा दहा घ्या. आठचा चांगला दोर तुटणार नाही, प्रश्न तो नाहीच. प्रश्न हाताच्या पकडीचा आहे. ९६ किलोंचे तुम्ही, वर थंडीचे कपडे आणि पिशवी मिळून आणखी आठ-दहा किलो. ओल्या हातमोज्यांत बारीक दोर सरकतो आणि उतरताना वेग आवरत नाही. मी आठवर उतरते कारण माझं वजन त्या दोराला जेमतेम ताण देतं. आणि वजनाचा फायदा म्हणाल तर बारा मीटर दोरात आठ आणि नऊ मिलिमीटरमध्ये साधारण सव्वाशे ग्रॅमचा फरक पडतो. एवढ्यासाठी जोखीम घेऊ नका.

दोर स्टॅटिक असणार, म्हणजे न ताणणारा. डोंगरात आम्ही लीड करताना, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढताना, डायनॅमिक दोर वापरायचो, पडलो तर तो रबरासारखा थोडा लांबायचा आणि झटका स्वतः पोटात घ्यायचा. स्टॅटिक दोर झटका घेत नाही, तो तुमच्या कमरेला, कॅराबिनरला (सॅडल दोराला अडकवायच्या धातूच्या कडीला) आणि गाठीला देतो. म्हणून वर चढताना दोरात ढील राहू द्यायची नाही. फास छातीच्या खाली कधीच येऊ नये. स्टिकच्या वरच्या पायरीवर उभे आहात, फास कमरेला आहे आणि दोन फूट दोर सैल लोंबतोय, अशा वेळी पाय सटकला तर मोठी इजा होऊ शकते, दोर शाबूत राहिला तरी.

दोरावरची पकड, म्हणजे सॅडलला दोराशी जोडणारी आणि वर सरकवता येणारी, दोन प्रकारची: गाठीची किंवा यांत्रिक. गाठ म्हणजे मुख्य दोराभोवती दुसऱ्या दोरीने मारलेली, प्रुसिक, डिस्टल वगैरे. पकडीची दोरी मुख्य दोराहून बारीक हवी, नाहीतर ती चावत नाही. नऊ मिलिमीटरवर सहा मिलिमीटरची दोरी माझ्या अनुभवात चांगली बसते. पण इथेही वजन आडवं येतं. हलक्या माणसाची गाठ कधीकधी पकडत नाही, जड माणसाची इतकी आवळते की थंड बोटांनी सुटत नाही. तुम्ही प्रत्येक खेपेला पूर्ण भार टाकून बसणार आणि मग ती सरकवणार, म्हणून तुम्हाला साधा प्रुसिक त्रास देईल. डिस्टल शिका, ती भार पडल्यावरही सुटायला सोपी.

यांत्रिक ॲसेंडर (दोरावर वर सरकणारं, खाली न घसरणारं उपकरण) घ्यायचा असेल तर त्याच्यावर कोरलेला आकडा वाचा. प्रत्येकावर तो किती ते किती मिलिमीटरच्या दोरासाठी आहे हे लिहिलेलं असतं. दहा-अकराचा ॲसेंडर आठच्या दोरावर लावून "धरतोय की" म्हणणारे मी पाहिलेत. घरात बसून लोंबकळून पाहता तेव्हा धरतो. बर्फाळ दोरावर झटका बसला की धरेल याची खात्री कुणी दिलेली नाही. शिवाय दातेरी ॲसेंडरवर झटका बसला तर दात दोराचं आवरण फाडू शकतात. मी स्वतः गाठीवरच आहे. तुम्ही ॲसेंडर घेतलात तरी त्याच्याखाली दोरात एक गाठ मारत जा, दर खेपेला ती वर आणत.

उतरायला साधा फिगर ऑफ एट (इंग्रजी आठच्या आकाराची धातूची कडी) पुरतो, पण तुमच्या वजनाला त्यात घर्षण कमी पडेल. त्याच्याखाली एक ऑटोब्लॉक (दोराभोवती गुंडाळलेली, भार आला की आवळणारी दोरी) बांधा, म्हणजे हात सुटला तर तो धरेल. आपोआप अडकणारी उपकरणं मिळतात, ती चांगली, पण पुन्हा तेच: दोराची जाडी त्यांच्या मर्यादेत बसते का ते आधी पाहा. म्हणून मी म्हणते की दोर ठरल्याशिवाय बाकी काही विकत घेऊ नका. दोराच्या जाडीवर पुढची तीन सामानं ठरतात. उलट्या क्रमाने खरेदी केलेल्यांच्या गॅरेजमध्ये न बसणाऱ्या उपकरणांचा डबा साचतो.

दोर खाली कसा आणायचा, हे बहुतेक जण विचारत नाहीत आणि पहिल्याच दिवशी अडकतात. वरच्या टोकाला एक स्टीलची क्विक लिंक (स्क्रूने बंद होणारी कडी), तिच्यातून दोर ओवून खोडाला फास. त्या लिंकला एक बारीक ओढदोरी बांधायची, तीस फूट लांब, आणि ती खाली सोडायची. उतरल्यावर ती ओढली की लिंक खाली येते, दोर तिच्यातून सरकत वर जातो आणि शेवटी टोक निसटून सगळा दोर पायाशी पडतो. सोपं आहे. पण सुरक्षिततेसाठी दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारलेली असते, तुम्ही चुकून टोकावरून घसरून जाऊ नये म्हणून. ती गाठ ओढण्याआधी सोडावीच लागते. एका स्टिकवरच्या माझ्या दुसऱ्या हंगामात, नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी, हात सुन्न झालेले, मी ती तशीच ठेवून ओढदोरी ओढली. गाठ बारा फुटांवर लिंकमध्ये जाऊन बसली. तोवर अंधार पडला होता. खाली ओढलं तर अजून घट्ट, वर सोडायला काही साधन नाही. दोर तसाच ठेवून मला गाडीपर्यंत चालत यावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या जुन्या स्टिक मागून घेऊन परत जावं लागलं. तेव्हापासून ओढदोरीला हात लावण्याआधी मी दोराचं टोक हातात घेऊन हेडलॅम्पच्या उजेडात डोळ्यांनी बघते. बोटांनी चाचपून नाही.

आता स्टिक, ज्याबद्दल तुम्ही विचारलं होतं. उंच माणसाला लांब स्टिक हवी असं वाटतं, पण ती सॅडलमध्ये बसल्या बसल्या गुडघ्यांच्या मधून वर ओढायची असते. वीस इंचांच्या पुढे गेलात तर ती सालीवर आपटते, एडर तिच्यात गुंततो, आणि शांत पहाटे धातूचा एक आवाज शंभर यार्डांवरच्या मादीलाही पुरतो. वीस इंच, दोन्ही बाजूंना पायऱ्या असलेली. एकाच बाजूला पायरी असलेली स्टिक तुमच्या वजनाने खोडावर फिरेल. स्टिकची वजनमर्यादा पाहताना कपडे आणि पिशवी धरून पाहा.

एडर मी तीन पायऱ्यांचा वापरते कारण माझे पाय आखूड. तुम्हाला दोन पुरतील. जास्त पायऱ्या म्हणजे प्रत्येक खेपेला जास्त उंची, हे खरं, पण एडर जितका लांब तितकी स्टिक खालून बाहेर रेटली जाते. पट्टीचा एडर घेतलात तर तळाची पट्टी आतून कडक असलेली घ्या. थंडीचे मोठे बूट अंधारात मऊ पट्टीत शिरत नाहीत, आणि एका पायावर उभं राहून दुसऱ्याने ती शोधत बसणं फार थकवतं.

स्टिक खोडाला बांधायची दोरी क्लीटमध्ये (दोरी धरून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवायची की फासे असलेल्या दोरीने बटणाला लावायची, यात लोकांचे वाद चालतात. क्लीट झटपट. पण ओली दोरी गोठली की क्लीटमध्ये सरकते, हे मी दोनदा पाहिलं, म्हणून फासेवाली. काहीही घ्या, बांधल्यावर स्टिक खाली दाबून बसवायची आणि मगच पाय ठेवायचा. स्टिकला एक हातभर लांबीची सुतळी बांधून सॅडलला अडकवून ठेवा. ती हातातून सुटेल, आज नाही तर उद्या. कोकणात पाडेली माडावर चढताना कोयता कमरेला अडकवून का नेतो, तेच कारण.

लाइनमन दोर मात्र टाकून देऊ नका. फांदी आडवी आली की मुख्य दोराचा फास तिच्या वर नेण्यासाठी क्षणभर काढावा लागतो. तेवढ्या वेळात दुसऱ्या दोराने बांधलेलं असायलाच हवं. वजन वाचवायला हा घरी ठेवणारे आहेत. त्यांचं म्हणणं असतं, "मी फांद्या नसलेलं झाडच निवडतो." जमिनीवरून अंधारात दिसलेलं आणि पंधरा फुटांवरून दिसलेलं झाड एक नसतं.

इथवरचा खरेदीचा क्रम: चाळीस फूट नऊ-दहा मिलिमीटरचा दोर, त्याच्या मापाची पकड आणि उतरायचं साधन, ऑटोब्लॉकची दोरी, लिंक आणि ओढदोरी, आणि मग स्टिक व एडर. आहे त्यातलं सॅडल, प्लॅटफॉर्म (वर पोचल्यावर पाय टेकायची छोटी फळी) आणि लाइनमन दोर चालेल. चारपैकी एक स्टिक वीस इंची आणि दुहेरी पायऱ्यांची असेल तर तीच वापरून पाहा. नवी घ्यायची गरजच पडणार नाही कदाचित.

आता जरा कडू बोलते. तुमचं ओझं यात वाटतं तितकं कमी होणार नाही. माझ्या चार स्टिक मिळून साडेआठ पौंड भरायच्या. एक स्टिक, एडर, दोर आणि लोखंडी सामान मिळून आता पाच पौंड आहे. वाचले साडेतीन. खरा फायदा पसाऱ्याचा: पाठीवर काही वाजत नाही, झुडपांत काही अडकत नाही, आणि कितीही उंच जायचं असलं तरी स्टिक संपत नाहीत. याची किंमत वेळेत आणि घामात मोजावी लागते. चार स्टिकवर मी आठ मिनिटांत वर असायची, एका स्टिकवर बारा-तेरा लागतात, आणि पहिल्या महिन्यात पंचवीस लागत होती. त्यात पोट आणि मांड्या कामाला लागतात. नोव्हेंबरमध्ये घामाने भिजून चार तास बसलात तर थंडी हाडांत जाते आणि वास वाऱ्यावर. वरचे कपडे पिशवीत ठेवून चढा, वर जाऊन घाला.

तुमची गुडघेदुखी, खांदेदुखी काय आहे ते तुम्ही लिहिलं नाही. खांदा दुखत असेल तर दोन स्टिकचा मध्यम मार्गही आहे: एकीवर उभं राहून दुसरी वर बांधायची, मग खालची काढून तिच्या वर. पाय कधी अधांतरी राहत नाहीत आणि ओझं चारच्या निम्मं. मी हे कमीपणाचं मुळीच मानत नाही. पन्नाशीच्या पुढच्या दोघांना मी तेच सुचवलं आणि ते त्यावरच आहेत.

सराव जमिनीपासून तीन फुटांवर करा, उन्हाळ्यातच. १ ऑक्टोबरला हंगाम सुरू होतो, तोवर शंभर खेपा व्हायला हव्यात. आधी दिवसा, मग हेडलॅम्पवर, मग हातमोज्यांत. तीन फुटांवर लोंबकळत असताना मुद्दाम स्टिक सोडून द्या आणि तिच्याशिवाय खाली या. मग पकडीची गाठ मुद्दाम आवळू द्या आणि दुसऱ्या दोरीने पायाला फास करून, त्यावर उभं राहून ती मोकळी करा. हे जमत नसेल तर अजून वर जायचं नाही. पायाला आधार नसताना सॅडलमध्ये खूप वेळ लोंबकळत राहणं जिवावर बेतू शकतं, म्हणून ती दुसरी दोरी नेहमी खिशात, हाताला लागेल अशी. पिशवीच्या तळाशी नाही.

आणि झाड. वॉटर्लूत ॲशची मेलेली झाडं जागोजाग उभी आहेत. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा किडा उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो आपल्या डेट्रॉइटजवळच, २००२ मध्ये, आणि या भागातली ॲश त्याने जवळजवळ साफ केली. खोड सरळ, फांद्या नाहीत, जाडी नेमकी हवी तेवढी, म्हणून अंधारात हात तिकडेच जातो. मेलेली ॲश लवकर ठिसूळ होते आणि बुंध्याशी मोडते. सालीचे तुकडे निघालेले असतील, खाली फिक्या लाकडावर नागमोडी चर दिसतील, इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं असतील तर हात लावू नका. हंगामाआधी दिवसा जाऊन तीन-चार जिवंत ओक हेरून ठेवा. शॅगबार्क हिकरी मजबूत असते, पण तिच्या सालीच्या पट्ट्या स्टिक बसवताना कडकड आवाज करतात आणि दोर त्यांच्यामागे अडकतो. बीचची साल गुळगुळीत, ओली असली की स्टिक सरकते. आणि सार्वजनिक जमिनीवर सालीत घुसणारी कुठलीही पायरी किंवा खिळा चालत नाही, एखादा अवघड टप्पा स्क्रूच्या पायरीने काढू असा विचार मनात असेल तर तो सोडा.

दोर विकत घेतलात की त्याची जाडी आणि वेष्टनावरचा मजकूर इथे लिहा. पकडीची दोरी त्याला कुठली बसेल ते मी माझ्याकडच्या तुकड्यांवर बांधून, त्यावर भार टाकून बघून सांगते.